दत्तूची पत्रं आणि करतारसिंग

दत्तू गेल्याचं मी सायखेड्याच्या टपरीवर सांगितलं, तेव्हा कुणी हातातला कप खाली ठेवला नाही. त्यांची तरी काय चूक? गोदावरीच्या पुरात म्हशीच्या पाठीवर बसून नाशिकहून गावापर्यंत आलो, हे मी त्याच बाकावर वीस वर्षं सांगतोय. "सुदामभाऊ, सकाळी सकाळी हे काय..." टपरीवाला म्हणाला. मग माझ्या तोंडाकडे बघून त्यानं स्टो बंद केला. फौजेतून सुटल्यावर दत्तू विंचूरला एका वायनरीत वॉचमन होता. ड्युटीवर खुर्चीत बसल्या बसल्या गेला. दीड महिना झाला त्याला.

आम्ही शाळेत एका बाकावरचे. तो फौजेत गेला, मी गावात राहून बोलत राहिलो. नव्व्याण्णवच्या लढाईत तो कारगिलकडे कुठंतरी वर होता. त्याच्या आईला, सखूमावशीला, वाचता येत नाही. म्हणून पत्र आलं की मला बोलावणं. शेजारच्या टीव्हीवरच्या बातम्या भिंतीतून ऐकून ऐकून मावशीनं जेवण जवळजवळ सोडलं होतं. आणि पत्र कसं? "मी खुशाल आहे. थंडी आहे. काळजी करू नये." गडी बोलायचाही तसाच. त्याच्याकडून चौथं वाक्य काढण्यापेक्षा खडकात विहीर खणणं सोपं.

"एवढंच?" मावशीनं विचारलं.

"छे, खाली बारीक अक्षरात बरंच आहे," मी म्हणालो, आणि त्या कोऱ्या जागेतून साडेसहा फुटी करतारसिंग बाहेर काढला. पलटणीचा आचारी. दत्तूला शेगडीजवळ बसवतो, चार रोट्या संपल्याशिवाय उठू देत नाही. मावशीनं त्या दिवशी भाकरी खाल्ली. मग काय... दर पत्राला करतारसिंग वाढत गेला. एकदा तर त्यानं परात वाजवून अस्वल पळवलं.

पंचाईत झाली ती कुरडयांमुळे. मावशीनं पार्सल बांधलं आणि मला चिठ्ठी लिहायला बसवलं. "अर्ध्या दत्तूला, अर्ध्या त्या करतारला. लय केलं त्यानं माझ्या पोराचं." मी लिहिलं, दुसरं काय करणार? पुढचा महिनाभर माझ्याच घशाखाली घास उतरेना. दत्तू खरं बोलणारा माणूस. एका ओळीत माझं पितळ उघडं पाडणार, आणि मावशीचं ताट पुन्हा तसंच राहणार.

पत्र आलं. "करतारसिंगने कुरडया कोरड्याच खाल्ल्या. तो माझी काळजी घेतो. मात्र सुदामने सांगितला असेल तितका तो उंच नाही." जन्मातली पहिली थाप, तीही मापात. ते पत्र मी पदरचं एक अक्षर न घालता वाचलं.

लढाईनंतर तो सुटीवर आला. घाटावर मी विचारलं, "रागावलास का रे?"

"आई जेवत होती ना?" म्हणाला, आणि पोहायला उतरला.

गेल्या आठवड्यात मावशीनं पत्रांची पिशवी माझ्यापुढं ठेवली. "वाच रे. तेवढंच त्याचं बोलणं राह्यलंय." मी पहिलं पत्र उघडलं आणि मला घाम फुटला. तीन ओळी. इतक्या वर्षांपूर्वी कोणत्या पत्रात काय घातलं, ते थापाड्याला कुठलं आठवायला? मी अडखळत जुळवू लागलो.

"तसं नाय ते," मावशी म्हणाली. "आधी रोट्यांचं हाय. अस्वल पुढच्या पत्रात." तिला सगळं पाठ होतं. ती सांगत गेली, मी कागदावर बोट फिरवत मागून म्हणत गेलो. दत्तू शेगडीपाशी बसला, जेवला, हसलासुद्धा. मग ती थांबली.

"अन् करतारनं सोताची रजई काढून दत्तूच्या अंगावर टाकली, ते का गाळतो?"

रजईचं मी कधी वाचलं नव्हतं. दत्तूनंही लिहिलं नव्हतं. मी मावशीकडं पाहिलं. ती शांतपणे वाट बघत होती.

"हो मावशी, राहिलंच की," म्हणालो, आणि कागद डोळ्यांजवळ धरून रजईचं वाचायला लागलो.