कात्रीनं नेलेला रोग

त्या वस्तीत त्याला सगळे ओळंबा म्हणत. सरूचं कुंपण तो दोरी न लावता छाटायचा, तरी कड गवंड्यानं ओळंबा धरलेल्या भिंतीसारखी सरळ यायची. माणूस तोऱ्यातला. कुणी चूक दाखवली की काम तिथंच टाकून चालू पडायचा.

एका ओल्या सकाळी वस्तीतल्या एका शिक्षिकेच्या कुंपणात काही फांद्या तांबूस पडलेल्या त्याला दिसल्या. सालीवर खोलगट चट्टे, त्यांतून डिंक ओघळलेला. "बाई, पाणी जास्त होतंय," असं ठोकून देऊन त्यानं वाळकं कापलं, कचरा बुंध्याशीच सारला आणि तीच ओली कात्री घेऊन शेजारच्या घरी गेला.

त्याची मेहुणी रोपवाटिकेत कामाला होती. ती जेवायला आली तेव्हा त्यानं सहज डिंकाचा विषय काढला, तसा तिचा चेहरा उतरला.

"भाऊजी, पाणी जास्त झालं तर मुळं कुजतात, अख्खं झाड मलूल होतं. हा सालीचा रोग. याला फवारणी लागू पडत नाही. चट्ट्याच्या बरंच खाली, चांगल्या लाकडापर्यंत कापायचं आणि जाळून टाकायचं. ओल असताना कात्री लावायची नाही. आणि दर झाडाला पाती स्पिरिटनं पुसायची."

"जन्म गेला माझा कात्री चालवण्यात. तू मला पाती पुसायला शिकवणार?"

"तुमची कात्री घरोघरी रोग वाटतेय."

तो ताटावरून उठला. बायकोनं उलट बहिणीलाच गप्प केलं. मेहुणी त्या घरात पुन्हा आली नाही.

वर्षभरात एकामागून एक घराचं कुंपण तांबडं पडत गेलं. जे लोक स्वतःच छाटत, त्यांची कुंपणं मात्र हिरवीगार. शिक्षिकेच्या ते लक्षात आलं. तिनं फाटकातच ऐकवलं, "अहो, रोग तुम्हीच फिरवलात की!"

त्याच संध्याकाळी त्यानं स्पिरिटची बाटली आणली. पण आता विचारतो कोण! कोपऱ्यावरच्या घरात दोनच झाडांवर चट्टे होते. तो मालकाला गळ घालत राहिला, "एवढी दोन काढू द्या, बाकीचं वाचेल."

"नको. तुम्ही हातच लावू नका."

तेही कुंपण गेलं. नंतर वस्तीनं त्याला बोलावलं ते मेलेली झाडं उपटायला.

"लाज नाही वाटत जायला?" बायको म्हणाली.

"वाटते ना," तो म्हणाला आणि गेला. एकेक बुंधा खणून काढला, सगळं जाळलं. शिक्षिका नाकाला पदर लावून बघत उभी होती. तिथं आता विटांची भिंत येणार होती.

राखेच्याच हातांनी तो रोपवाटिकेत गेला.

"तू म्हणत होतीस ते खरं होतं."

"मला माहीत होतं," मेहुणी म्हणाली आणि पाण्याची नळी ओढत दुसऱ्या वाफ्याकडे निघून गेली.