ठिपक्याचं बारसं

"आधी पक्कं होऊ द्या, मंग नाव घ्या." टेबलावर बोटाने दोनदा टकटक करून मॅडम हे म्हणायच्या. बदलीची बातमी असो की कुणाच्या मुलीची सोयरीक, आम्हाला आनंदाची घाई आणि त्यांची टकटक तयार. टेंभुर्णीच्या शाळेत त्या विज्ञान शिकवायच्या, मी मराठी.

लघुग्रह शोधायच्या एका मोहिमेत त्यांनी मलाही ओढलं. मोठ्या दुर्बिणीने काढलेले फोटो शाळेच्या संगणकावर यायचे. ते एकापाठोपाठ एक बघायचे. तारे जागच्या जागी राहतात. एखादा ठिपका सरकला की कळवायचं. मी आपली डोळे चोळत बसायची. एका दुपारी मॅडम ओरडल्या, "अहो, हा हलून राह्यला!"

ठिपका नवा निघाला. त्याला आकड्या-अक्षरांचं तात्पुरतं नाव मिळालं. त्याची कक्षा नक्की व्हायला काही वर्षं जाणार, मग कायमचा क्रमांक, आणि त्यानंतर नाव सुचवायचा मान आम्हा दोघींचा.

गावाला एवढा धीर कुठला? सरपंच शाळेत हजर. "मॅडम, माझं नाव द्या की. खर्चा मी करतो."

"देऊ की. फक्त राजकारणातल्या माणसाला मेल्यावर शंभर वर्षं थांबावं लागतं."

"मंग राहू द्या. जल्दी न्हाई," म्हणत सरपंचांनी चहा संपवला.

"तुमचंच द्या," मी म्हटलं.

"शोधणाऱ्याला स्वतःचं देता येत न्हाई. अन् माझं तरी कोणतं?" मॅडम हसल्या. लग्नात नवऱ्याने ताटातल्या तांदळावर अंगठीने नवं नाव लिहिलं, तेव्हापासून माहेरचं नाव बंदच पडलं होतं.

एकदा बाजारात त्यांच्या माहेरची, धावड्याची एक म्हातारी भेटली. तिने लांबूनच जुन्या नावाने हाक मारली. पन्नाशीच्या मॅडम भाजीची पिशवी तिथेच टाकून धावल्या. परतताना म्हणाल्या, "आई गेल्यापासून या नावानं कुणी बोलावलंच न्हवतं." मला फार वाईट वाटलं.

गेल्या वर्षी मॅडम आजारी पडल्या. जालन्याच्या दवाखान्यात भेटायला गेले तेव्हा त्यांचं बोलणं थांबलं होतं. ठिपक्याची कक्षाही अजून नक्की झाली नव्हती. मी वाकून म्हटलं, "तुम्हाला तुमचं देता येत नाही ना? मग मी सुचवते." आणि बारशाला आत्या करते तसं कानात कुर्रर्र करून त्यांना त्यांचं माहेरचं नाव सांगितलं.

त्या हसल्या. पलंगाच्या दांडीवर बोट दोनदा वाजलं.

मॅडम गेल्या. ठिपका अजून आकड्यांवरच आहे. मंजूर होईपर्यंत नाव बाहेर फोडायचं नसतं, म्हणून तुम्हालाही सांगत नाही. आधी पक्कं होऊ द्या.