चपटा की कुबडवाला

नागपूरच्या दुकानदाराने दोन्ही कॅमेरे काचेवर शेजारी शेजारी ठेवले आणि म्हणाला, "भाऊ, मी सांगून काय उपयोग? दोन्ही घेऊन जा. रविवारी लग्न आहे ना तुमच्याकडे? लग्नात चालवून पाहा. सोमवारी एक ठेवा, एक परत आणा."

आमची ओळख जुनी, म्हणून तो एवढं म्हणू शकला. मी पांढुर्ण्यात फोटो स्टुडिओ चालवतो. लग्नं, बारशी, शाळेचे गट-फोटो, पासपोर्ट. माझा जुना मोठा कॅमेरा शटर अडकायला लागल्यापासून भरवशाचा राहिला नव्हता. दुकानदाराला आणि घरी बायकोला मी सांगितलं होतं की मान दुखते, आता हलका, लहान मिररलेस कॅमेरा घेऊ. मान खरंच दुखायची. पण कारण ते नव्हतं.

दिवाळीच्या सुमारास एका पासपोर्ट फोटोच्या वेळी माझ्या लक्षात आलं की उजवा हात थरथरतोय. थोडासाच. समोरच्या माणसाला कळणारही नाही इतका. मग तो बशीत कप ठेवताना थरथरला. मग सही करताना. मी काही करत नसलो की हात शांत असायचा. एखादी गोष्ट नीट करायला गेलो की सुरू व्हायचा.

माझ्या वडिलांच्या मोठ्या भावाला, आमच्या मोठ्या बाबांना, कंपवात होता. शेवटी शेवटी त्यांना पाणी चमच्याने पाजायला लागायचं. लहानपणी मी ते काम केलं आहे. त्यामुळे पुढचं सगळं मला माहीत आहे असं मी धरून चाललो होतो. म्हणून डॉक्टरकडे गेलो नाही, आणि घरात बोललोही नाही. चहा मी दोन्ही हातांनी प्यायला लागलो. थंडीचे दिवस होते, कोणाला काही वाटलं नाही.

तर ते दोन कॅमेरे. एक चपटा होता, साबणाच्या डबीसारखा. डोळा लावायची खिडकी डाव्या कोपऱ्यात. त्याच्या आतला सेन्सर हाताच्या थरथरीच्या उलट हलतो आणि फोटो स्थिर ठेवतो. पण त्याला धरायला पकड नव्हती आणि बॅटरी भराभर उतरायची. दुसऱ्याच्या डोक्यावर मध्यभागी उंचवटा होता, जुन्या मोठ्या कॅमेऱ्यांना असायचा तसा. त्याची पकड हातात बसायची, फोकस विजेसारखा, बॅटरी दिवसभराची. फक्त ती थरथर सांभाळायची सोय त्यात नव्हती, आणि लग्नात मी जी लेन्स वापरतो तिच्यातही नव्हती. बायकोने घरी आल्या आल्या त्यांना नावं ठेवली. एक चपटा, एक कुबडवाला.

मला कुबडवाला आवडला होता. सरळ सांगायचं तर, तो निवडला की मला काही झालेलं नाही असं ठरत होतं.

शुक्रवारी सकाळी, कोणाला तरी भेटायचं आहे असं सांगून मी मोटारसायकलने तिगावला गेलो. पांढुर्ण्यात कुठेही उभा राहिलो तर चार माणसं येऊन विचारतात, काय करून राहिले म्हणून. तिगावच्या स्टेशनबाहेर एका झाडाच्या दाट सावलीत उभं राहून मी लांबच्या एका दुकानाच्या पाटीचे फोटो काढले. मांडवात जसा कमी उजेड असतो तशी शटरची गती हळू ठेवली. दहा चपट्याने, दहा कुबडवाल्याने.

चपट्याच्या दहापैकी नऊ फोटोंत पाटीवरचं अक्षर न् अक्षर वाचता येत होतं. कुबडवाल्याच्या सात फोटोंत प्रत्येक अक्षराला सावली होती, जसं कोणी एकावर एक दोनदा लिहावं. मी मनाला सांगितलं, वारा आहे. कुबडवाल्याने पुन्हा दहा काढले. या वेळी आठ हलले. वारा नव्हता. झाडाचं पानही हलत नव्हतं.

सगळे फोटो पुसून मी परत आलो.

शनिवारी दुपारी स्टुडिओत बायको दोन्ही कॅमेरे घेऊन बसली. माझ्या कामातलं निम्मं काम तिचं आहे. लग्नात व्हिडिओ ती करते, आणि नंतर कॉम्प्युटरवर फोटो निवडून अल्बम लावते तीच. तिने चपटा हातात फिरवून पाहिला आणि म्हणाली, "मले त हाच बरा वाटते. हाच ठेवा."

"तुले काय समजते त्याच्यातलं?" मी म्हणालो.

मी तिच्याशी असं बोलत नाही. तिने कॅमेरा खाली ठेवला, माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता भांडण होणार. पण ती नुसती म्हणाली, "ठीक हाये. उद्यासाठी दोन्ही चार्ज करून घेजा," आणि आत गेली. भांडली असती तर बरं झालं असतं.

लग्न सौसरला होतं, रविवारी सकाळी अकराचं. मुलीकडचे संत्र्याचे बागायतदार. मुलीच्या वडिलांना आम्ही काकाजी म्हणतो. साक्षगंधाचे, म्हणजे साखरपुड्याचे फोटोही आम्हीच काढलेले. त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं की पोरीचं डोकं फ्लॅशने उठतं, तो लावायचा नाही. मंगल कार्यालयाला वरून लाल-पिवळं कापड ताणलेलं, त्यामुळे भर सकाळी आत संध्याकाळसारखा उजेड.

तिगावची पाटी आठवून मी चपटाच गळ्यात अडकवून आत शिरलो तर काकाजी चार पाहुण्यांसमोर म्हणाले, "का जी, एवढूसाच कॅमेरा? याच्याहून मोठा त आमच्या जावयाचा मोबाईल हाये!"

सगळे हसले. मीही हसलो. आणि बॅगेकडे जाऊन चपटा आत ठेवला, कुबडवाला बाहेर काढला. बायको ट्रायपॉड उघडत होती. तिचे हात क्षणभर थांबले.

हळद, ओटी, नवरदेवाची वरात हे सगळं बाहेरच्या उन्हात झालं. उन्हात शटर जलद चालतं, हात हलला तरी फोटोला कळत नाही. स्क्रीनवर सगळं छान दिसत होतं. माझा जीव भांड्यात पडला. मला वाटायला लागलं की मी उगीच घाबरलो.

मग मुलगा-मुलगी पाटावर उभे राहिले, मधे अंतरपाट धरला गेला आणि मंगलाष्टकं सुरू झाली.

मला ठाऊक होतं की हात सांभाळायला हवा, आणि तेच चुकलं. सांभाळायला गेलो की तो जास्त थरथरायचा. कोपर पोटाशी घट्ट दाबलं, श्वास धरला. मुलीचा चेहरा, तिच्या मागे मामा, काकाजींची मोठी बहीण, मुलीची आत्या, खुर्चीवर बसून अक्षता उडवतेय. एकामागून एक दाबत गेलो. दुसरं मंगलाष्टक संपताना स्क्रीनवर एक फोटो मोठा करून पाहिला. मुलीला चार डोळे होते. मागचा पाहिला, तोही तसाच. त्याच्या मागचा. आत्याबाईंचा.

भटजी तिसरं मंगलाष्टक म्हणत होते. आणखी दोन म्हटली जाणार होती. त्यानंतर अंतरपाट खाली जाणार, हार पडणार. तो क्षण पुन्हा करा म्हणून सांगता येत नाही. कोणाच्या तरी मुलीचं लग्न होतं, आणि ते माझ्या एका खोटेपणामुळे माझ्या हातून जात होतं.

मी गर्दीतून वाट काढत बायकोच्या ट्रायपॉडपाशी गेलो. तिच्या कानाशी वाकलो.

"माझा हात हलून राहिला," मी म्हणालो. "फोटो येऊन नाई राहिले."

कोणालाही मी पहिल्यांदा हे सांगत होतो.

तिने व्हिडिओवरची नजर काढली नाही. एका हाताने पायाजवळची बॅग ओढली आणि चपटा माझ्या हातात दिला. लेन्स लावलेली होती, सगळं तयार होतं. "मले माहीत हाये," ती म्हणाली. "जा लवकर. भिंतीले टेकून उभे राहा."

'मले माहीत हाये' म्हणजे काय, हे विचारायला वेळ नव्हता. स्टेजच्या बाजूला एक खांब होता, त्याला खांदा टेकवला. शेवटचं "सावधान" झालं, वाजंत्री वाजली, अंतरपाट खाली गेला. मुलीने वर पाहिलं. मी दाबत राहिलो. हार, मुलाचं ओशाळं हसू, केसांत अडकलेल्या अक्षता. हात थरथरत होता, मला जाणवत होता, पण कॅमेऱ्याच्या खिडकीत चित्र मात्र तळ्यातल्या पाण्यासारखं शांत होतं. मोठं करून पाहिलं तर पापणीचा केस न् केस दिसत होता.

मंगळसूत्राच्या आधी बॅटरीचं लाल चिन्ह लुकलुकलं आणि स्क्रीन काळी झाली. सकाळी बॅगेत ठेवताना तो बंद करायचा राहिला होता, आणि दुकानदाराने एकच बॅटरी दिली होती. मी तसाच उभा राहिलो, मेलेला कॅमेरा डोळ्याला लावून.

खांद्यावर हात पडला. बायको होती. तिने माझ्या गळ्यातून कुबडवाल्याचा पट्टा काढून घेतला. "तुम्ही व्हिडिओजवळ जा. तो ट्रायपॉडवर हाये, नुसतं पाहत राहा." आणि ती स्टेजवर चढली. कन्यादान, मंगळसूत्र, सप्तपदी सगळं तिने काढलं. मी लांबून तिचे हात पाहत होतो. ते हलत नव्हते. मला त्याचा आनंद झाला असं म्हणणं खोटं ठरेल. त्या वेळी मला फार अपमान वाटला.

परतताना गाडीत मीच विचारलं, "कवापासून माहीत हाये?"

"दिवाळीपासून."

"कसं काय?"

"फोटो कोन निवडते?" ती म्हणाली. "पहिले शंभरात दोन हलत. मग दहा. मग वीस. मी काढून टाकत गेली. म्हणून त तुमच्यामागं लागली होती, एकाचे तीन तीन घेत जा."

"आनं मले काहून नाई सांगतलं?"

ती खिडकीबाहेर पाहत होती. "तुम्ही काहून नाई सांगतलं?" मग म्हणाली, "मले वाटे, तुम्ही स्वतःहून सांगान. रोज वाट पाहून राहिली होती मी. मोठ्या बाबांचं मले बी माहीत हाये. मले काय भेव नाई वाटत?"

मला गाडी बाजूला घ्यावी लागली. चार महिने मी एकटा घाबरतोय असं समजत होतो आणि त्याच घरात, त्याच टेबलावर, ती माझे हललेले फोटो एक एक करून पुसत बसली होती.

सोमवारी आम्ही दोघं नागपूरला गेलो. ती म्हणाली, आधी डॉक्टर, मग दुकान. डॉक्टरांनी मला हात पुढे धरायला लावले, कागदावर गोल गोल वेटोळं काढायला लावलं, खोलीत चालायला लावलं. मग म्हणाले, हा कंपवात दिसत नाही. काम करताना हात थरथरण्याचा हा वेगळा प्रकार आहे. गोळ्यांनी कमी होईल, पूर्ण जाईलच असं नाही, आणि वयाबरोबर थोडा वाढूही शकतो. मला सगळ्या वाक्यांतलं पहिलंच ऐकू आलं. बायकोने बाकीची ऐकली आणि गोळ्यांच्या वेळा लिहून घेतल्या.

दुकानात पोहोचलो तरी माझं ठरलं नव्हतं. मी तिला म्हणालो, "आता तूच काढशील त कुबडवाला ठेवू. तुह्या हातात तो चांगला बसते."

"आनं तुम्ही काय कराल? घरी बसाल?" ती दुकानदारासमोरच म्हणाली. "मले शिकवा, मी काढतो. पन तुम्हीबी काढान. चपटा दोघाईच्या हातात चालते, कुबडवाला एकट्या माह्याच." दुकानदार एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहत होता. मी त्याला सरळ सांगितलं, माझा हात थरथरतो. तो आतून चपट्याच्या दोन जादा बॅटऱ्या घेऊन आला.

अल्बम द्यायला महिन्याने सौसरला गेलो. काकाजींनी पानं हळूहळू उलटली. हारांच्या फोटोवर थांबले, खूश झाले. मंगळसूत्राच्या फोटोवर म्हणाले, हा लय झक्कास आला. मी सांगितलं की तो हिने काढला. मग ते मागे गेले, पुन्हा पुढे आले.

"आमच्या मोठ्या बाईचा, पोरीच्या आत्याचा फोटो नाई दिसून राहिला," ते म्हणाले. "मंगलाष्टकाच्या टायमाले पुढंच बसली होती. अक्षता टाकत होती."

"तो हलला, काकाजी," मी म्हणालो. "माझा हात हलला. चूक माझी हाये. फ्लॅशचं कारण देऊ शकलो असतो, पन ते खरं नाई."

ते माझ्या हाताकडे पाहत राहिले. मीही तो लपवला नाही.

"आता कसा हाये हात?" त्यांनी विचारलं.

"गोळ्या सुरू हायेत. थोडा कमी हाये."

त्यांनी मान हलवली. आत आवाज देऊन चहा मागवला. आत्याबाईंचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही, पण आम्ही निघताना ते अल्बम बंद करून बराच वेळ मांडीवर धरून बसले होते. घरात धाकट्या मुलीची सोयरीक पक्की झाल्याचं मी ऐकलं होतं. त्या लग्नाचे फोटो कोण काढणार, याबद्दल ते काही बोलले नाहीत. आम्हीही विचारलं नाही.

बाहेर आल्यावर बायको म्हणाली, "सांगून टाकलं ते बरं केलं." मी गाडीची किल्ली तिच्याकडे दिली. जाताना मी चालवली होती, परतताना ती चालवणार होती.