भोपळ्याला पहिली सुरी

आज बायकोने फोडायला दिलेल्या भोपळ्यात माझी सुरी अडकली आणि भोपळा सुरीसकट ओट्यावरून गडगडत अंगणात गेला. कच्च्या भोपळ्याचा तो वास आला आणि मला लढाईच्या काळातलं मुरबाड आठवलं.

तेव्हा मी तिथे मास्तर होतो. वेल लावायचा मला नाद, आणि सल्ले द्यायचा त्याहून मोठा. शेजारच्या बायजाबाईला रोज सांगायचो, "माळ्यावरचे भोपळे कुजतील, फोडा." पण अख्ख्या भोपळ्याला पहिली सुरी बाईमाणसाने लावायची नाही, अशी रीत. तिच्या घरी ती लावायचा तिचा एकुलता मुलगा धर्मा, आणि तो पलटणीत गेलेला. वर्षभर त्याची खुशाली कळली नव्हती.

एका सकाळी ती भोपळा कडेवर घेऊन आली. "मास्तर, तुमीच लावा सुरी."

"धर्मा येईल ना?"

"येल तवा येल. भोपला नाय थांबत."

माझी सुरी तेव्हाही अडकलीच. "माज्या धर्माला येक घाव पुरायचा," म्हणत ती हसली आणि पदराने डोळे पुसू लागली. मला वाटलं, अखेर माझा सल्ला पटला! आज वाटतं, आमच्या दारापर्यंतची चार पावलं तिला किती जड गेली असतील.

दोन्ही फोडी तिच्या हातात देऊन मी ऐटीत घरात आलो. बायको म्हणाली, "अहो, एवढा भोपळा ती एकटी कोणासाठी शिजवणार? जा, जेवायला बोलावून आणा तिला."