मामांचा जॉइंट आणि नरसम्माचा मोगरा

आमच्या केबल सेक्शनमध्ये किश्श्यांना तोटा नाही. केबल तीन फूट खाली, नकाशा ऑफिसात, आणि तो खरा आहे असं कुणी छातीठोकपणे सांगत नाही. रस्ता खणला की केबलच्या आधी किस्साच वर येतो.

त्यातले निम्मे मामांचे. मामा आमचे जॉइंटर, म्हणजे केबलची टोकं जोडणारे. मेअखेर रिटायर होणार. त्यांचा एकही जॉइंट आजवर जळालेला नाही, आणि हे ते रोज चहाबरोबर ऐकवतात.

*

एकदा जुना जॉइंट शोधायचा होता. मामा म्हणाले, "पानटपरीपासनं सात पावलं."

मोजली, खणलं. काही नाही. आणखी खणलं. टपरीवाला पान लावता लावता म्हणाला, "मामा, मी दिवाळीतच रस्त्याच्या ह्या बाजूला आलो की."

"मग आधी सांगायचं न्हाय व्हय?"

"तुमी मला कुटं इचारलं?"

*

नवे साहेब आले. यंत्रमागाच्या गल्लीला वीज पुरवणाऱ्या केबलवर, म्हणजे फीडरवर, लोड वाढवायचा होता. साहेबांनी केबलचा तक्ता उघडला. "एवढा करंट ती आरामात घेते."

मामांनी तक्ता उलटसुलट पाहिला. "साहेब, ह्यात माती कुठल्या गावची धरलीया?"

साहेबांनी खालची बारीक अक्षरं वाचली. थंड, ओलसर माती, म्हणजे केबलची उष्णता ओढून घेणारी. बाहेर सोलापूरचा एप्रिल!

तरी लोड वाढला.

*

त्याच केबलवर, मामांच्या जॉइंटला लागून, नरसम्माच्या दारातला मोगरा होता. तिच्या घरात तेलुगू, आमच्याशी मराठी. रोज सकाळ-संध्याकाळ मोगऱ्याला बादलीभर पाणी. साहेब हादरले. विजेवर पाणी! लगेच भिंतीवर नोटीस: येथे पाणी टाकू नये.

"घालू द्या की साहेब," मामा म्हणाले. "केबललाबी उन्हाळा लागतोय."

साहेबांनी ऐकलं नाही. मोगरा वाळला.

*

पंधरा दिवसांत फीडर गेला. गल्लीतले माग बंद पडले. फॉल्ट शोधायच्या मशीननं जागा मोगऱ्यापाशीच दाखवली.

"मामांचा जॉइंट गेला," साहेब म्हणाले.

मामांनी चहाही घेतला नाही. रिटायरमेंटला तीन आठवडे उरलेले, मला फार वाईट वाटलं.

खणलं. माती शेंगाचटणीसारखी कोरडी, भुसभुशीत. जॉइंट जसाच्या तसा. त्याच्या हातभर अलीकडे केबल भाजून निघालेली.

मामांनी जॉइंट फडक्यानं पुसला आणि म्हणाले, "आता चहा सांगा."

दुसऱ्या दिवशी साहेब मोगऱ्याचं नवं रोप घेऊन नरसम्माच्या दारात उभे. "रोज पाणी घालत जा."

नरसम्मानं आधी नोटिशीकडे पाहिलं, मग साहेबांकडे. "किती घालू?"

साहेबांनी सवयीनं तक्ता बाहेर काढला, पाहिला आणि पुन्हा खिशात घातला.

"मामांना विचारून सांगतो."