मामंजींचं वाळवणाचं पिंप

माझं माहेर सोलापूरकडचं. तिथे धुतलेलं लुगडं दोरीवर टाकायचं, आणि बादली विसळून परत यावं तोवर ते खडखडीत वाळलेलं असायचं. लग्न होऊन पनवेलला आले, दुसऱ्याच पावसाळ्यात मुलगी झाली, आणि तेव्हा मला समजलं की कपडा वाळणं ही आपोआप होणारी गोष्ट नाही. आषाढात सकाळी टाकलेलं लंगोट तिसऱ्या दिवशीही हाताला गारच लागायचं. माजघरात, ओटीवर, माळ्याच्या शिडीला, जागा मिळेल तिथे दोऱ्या बांधलेल्या. सासूबाई शेगडीवर वेताची डालगी पालथी घालून तिच्यावर दुपटी पसरायच्या. ती वाळायची, पण त्यांना धुराचा वास यायचा आणि लेक त्यांत गुंडाळली की शिंका देत बसायची.

हे सगळं मामंजी ओटीवरच्या खुर्चीत बसून बघत होते. माझे सासरे चाळीस वर्षं पनवेलच्या एका भातगिरणीत फिटर होते आणि त्याच वर्षी घरी बसले होते. उंच, हडकुळे, घरातसुद्धा खाकी सदरा घालणारे. माझं त्यांच्याशी बोलणं जवळजवळ नव्हतंच. मी पदर सावरून चहाचा कप ठेवायची, ते ‘हं’ म्हणायचे, मी आत वळायची. दोन वर्षांत यापलीकडे आमचा संवाद गेला नव्हता. मला वाटायचं, आपण त्यांना फारसे आवडलेलो नाही.

एका सकाळी ते हातगाडीवर एक लोखंडी पिंप घालून आले. पिंप कसलं, गिरणीतून मोडीत काढलेली भाताची गोल चाळण होती ती. पुरुषाच्या उंचीच्या निम्मी लांब, अंगभर भोकं, मधून आरपार दांडा. सोबत तूस उडवायच्या जुन्या पंख्याची मोटर. पुढचे आठ दिवस मागच्या पडवीत ठोकाठोक चालली. चाळण आडवी करून दोन्ही टोकांना बाभळीच्या ठोकळ्यांत बसवली. हे ठोकळे दांड्याला धरून ठेवायचे, त्यांना मामंजी ‘बुश’ म्हणायचे. एका टोकाला मोठं लाकडी चाक, त्याच्यावरून मोटरपर्यंत कॅनव्हासचा पट्टा. वर रॉकेलच्या डब्यांचे पत्रे ठोकून केलेलं आवरण. आणि खाली, जाळीआड, पत्र्याच्या ट्रेमध्ये लोणारी कोळशाचे निखारे.

“सूनबाई,” त्यांनी पडवीतून हाक मारली. बहुधा पहिल्यांदाच. “लंगोट आण.”

मी पिळलेली पंचवीसेक लंगोटं आणली. ती त्यांनी पिंपात टाकली, झाकण लावलं, बटण दाबलं. पिंप संथपणे फिरायला लागलं. तासाभरात लंगोटं बाहेर काढली ती उबदार, मऊ, आणि धुराचा वाससुद्धा नाही. निखारे चांगले फुललेले होते म्हणून. सासूबाईंनी एक लंगोट गालाला लावून बघितलं आणि आत जाऊन शिरा करायला घेतला.

पंधरा दिवस पिंप सुरेख चाललं. मग ते आवाज करायला लागलं.

आधी बारीक किंकाळी, मग त्यात खरखर, आणि मध्येच एक धप. चार दिवसांत असं झालं, की पिंप सुरू केलं की लेक दचकून उठायची आणि ते बंद होईपर्यंत रडायची. आमचे हे संध्याकाळी कचेरीतून आले, की कानात बोटं घालून पडवीकडे बघायचे. पण बोलत कोणीच नव्हतं. मामंजी स्वतः पिंपाशेजारी स्टूल टाकून बसायचे, चेहऱ्यावर पूर्ण समाधान.

पाचव्या दिवशी मागच्या कुंपणातून शेजारीण आली. आगऱ्यांचं घर होतं त्यांचं, दारात म्हैस. आम्हाला दूध तीच घालायची.

“काका,” ती म्हणाली, “तुमचं पीप किती वरडतंय! माजी म्हस बिचकते, पान्हा सोडत नाय. आमी चार दिस गप बसलो, पन आता काय तरी करा.”

मामंजी प्रसन्न हसले. “हो हो,” ते म्हणाले. “तुमचेही आणा ना कपडे. लगेच वाळतील.”

शेजारीण माझ्याकडे बघत राहिली. मी मामंजींकडे. पिंप आमच्या तिघांच्या मध्ये किंचाळत होतं, आणि त्यातलं त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं.

मी स्वयंपाकघरात गेले. सासूबाई तांदूळ निवडत होत्या.

“मामंजींना ऐकू येत नाही?”

त्यांनी मान वर केली नाही. “कमी येतं. दरवर्षी आणखी कमी.”

“मग त्यांना कोणी सांगत का नाही?”

“काय सांगायचं? आपल्याला ऐकू येत नाही हे त्यांना चांगलं माहीत आहे. आपल्या सगळ्यांना ते कळलंय, एवढंच माहीत नाही. राहू दे तसंच.”

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की घरात आलेला माणूस काही बोलला की सासूबाई तेच मामंजींकडे तोंड करून, जणू आपलाच प्रश्न असल्यासारखं, पुन्हा का बोलतात. आणि मला मिळणारा तो ‘हं’! मी मान खाली घालून पुटपुटायची, “चहा ठेवलाय.” त्यातलं त्यांच्यापर्यंत काय पोचत असणार? दोन वर्षं मी उगीच मनाला लावून घेतलं होतं.

सासूबाईंचं म्हणणं मला पटत होतं. पण म्हैस दूध देत नव्हती आणि लेक दिवसा झोपत नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारी मामंजींनी पिंप सुरू केलं, तेव्हा मी पडवीत गेले. कसं सांगावं ते सुचेना. शेवटी धीर करून मी त्यांचा हात धरला आणि पिंपाच्या लाकडी पायावर टेकवला.

त्यांनी आधी माझ्याकडे चमकून बघितलं. सुनेनं सासऱ्याचा हात धरायची पद्धत नव्हती. मग त्यांचं लक्ष तळव्याकडे गेलं. पाय थरथरत होता. त्यांनी दुसरा हातही ठेवला, मग बटण बंद केलं.

“केव्हापासून?”

“पाच-सहा दिवस.”

“आवाज मोठा आहे?”

मी होकारार्थी मान हलवली.

“आणि घरात कोणी बोललं नाही.” ते स्टुलावर बसले. मला वाटलं, आता मामंजी पिंप मोडून टाकणार. मला रडूच यायला लागलं. मग ते म्हणाले, “सूनबाई, मला ऐकू येत नाही. भात सडायचा हलर फिरतो ना, त्याच्या शेजारी चाळीस वर्षं उभा होतो. आधी पाखरं गेली. मग बायकांचे आवाज गेले. नातीचं रडणं मला दिसतं फक्त.”

मी जोरात म्हणाले, “मी सांगते ना तुम्हाला, काय वाजतंय ते!”

“ओरडू नकोस,” ते म्हणाले. “माझ्याकडे तोंड करून नीट बोल. गिरणीत आम्ही सगळे ओठांवरूनच बोलायचो.”

असं आमचं काम सुरू झालं. त्यांनी पट्टा उतरवला आणि नुसती मोटर चालवली. “काय?”

“काही नाही. नुसती घूं.”

“म्हणजे मोटर शाबूत.” मग बिनपट्ट्याचं रिकामं पिंप हातानं फिरवलं. “आता?”

“किंचाळतंय. आणि खरखरतंय.”

“किंचाळतंय म्हणजे कसं? करून दाखव.”

मी पदर सावरला. आत सासूबाई होत्या, कुंपणापलीकडे शेजारीण. पण ते माझ्या तोंडाकडे डोळे लावून बसले होते. “कुंऽऽई,” मी म्हणाले.

“लांब की तुटक?”

“कुंऽऽऽई. लांब.”

“आणि खरखर?”

“खर्र. थांबून परत खर्र.”

शेजारीण कुंपणाशी येऊन उभी राहिली. “काय झालं गं, पोरी?” तिनं विचारलं. मी हातानंच ‘काही नाही’ केलं आणि पुन्हा “खर्र” म्हणाले.

मामंजींनी खडूनं पिंपाच्या चाकावर एक रेघ ओढली. “रेघ कुठे असताना खरखरतं ते बघ.” मी बघितलं. दर फेऱ्याला, रेघ खाली आली की खर्र. म्हणजे दोष पिंपाच्याच अंगावर, एकाच जागी. त्यांनी आवरणाचा पत्रा काढला आणि बोटं फिरवत गेले. चाळणीच्या एका भोकातून माझ्या पोलक्याचा हूक बाहेर आला होता आणि पत्र्याला घासत होता. त्यांनी तो पकडीनं ओढून माझ्या हातावर ठेवला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते मात्र गालात हसले.

मग पट्टा चढवून रिकामं पिंप मोटरवर चालवलं. आता तो धप आवाज आला.

“रेघेबरोबर येतो?”

मी चार-पाच फेरे बघितले. “नाही. एकदा रेघ वर असताना, मग बाजूला असताना. जागा बदलत जाते.”

“मग तो पिंपाचा नव्हे, पट्ट्याचा.” पट्टा उतरवला, तर त्याची दोन टोकं जोडणारी लोखंडी पट्टी एका बाजूनं उचलली होती. मोटरच्या चाकावरून जाताना तीच आपटत होती. हातोडीच्या दोन ठोक्यांत ती बसली.

राहिली किंकाळी. मामंजींनी मला स्वयंपाकघरातून लाटणं आणायला सांगितलं. त्याचं एक टोक डाव्या ठोकळ्यावर टेकवून दुसरं कानाला लावायचं, मग तसंच उजवीकडे. मी लाटण्याला कान लावला आणि दचकले. सगळी किंकाळी लाकडातून थेट डोक्यात आली. उजवीकडे मात्र गप्प.

“डावा!” मी म्हणाले.

“चाकाकडचा. पट्टा त्यालाच ओढतो.” डावा ठोकळा काढून बघितला, तर त्याचं गोल भोक झिजून लांबट झालं होतं, आणि आत तेलाचा टिपूस नव्हता. ते स्वतःवरच चिडले. “तेल संपलं की यंत्र ओरडून सांगतं. मी ऐकायचो ते.”

नवा ठोकळा कोरायला त्यांना दोन दिवस लागले. कोरून झाल्यावर तो गरम एरंडेलात रात्रभर बुडवायचा होता. सासूबाईंनी आपलं पातेलं द्यायला साफ नकार दिला आणि मग देऊन टाकलं. तिसऱ्या दिवशी पिंप सुरू झालं. मामंजी पिंपाकडे नव्हे, माझ्याकडे बघत होते.

“घूं,” मी म्हणाले. “नुसती घूं.”

सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाल्या, “एरंडेलाचा किती तो वास.”

त्यानंतर घरातलं वागणं हळूहळू बदललं. मी मामंजींशी बोलताना मान वर करून बोलायला लागले. बाहेरच्या माणसांना ते चालत नसे. आमचे हे एकदा म्हणाले, “अगं, लोक काय म्हणतील?” मी म्हटलं, “लोकांचं मामंजींना ऐकू येत नाही.” हे हसले, आणि मग तेही समोर बसून बोलायला लागले. मामंजींनी सायकल उलटी करून चाक फिरवलं की मला हाक यायची, शिवणयंत्राला तेल घातलं की हाक यायची. मी लाटणं घेऊनच जायची. शेवटी सासूबाईंनी कंटाळून मला त्याकरता वेगळं लाटणं आणून दिलं.

त्याच वर्षी दिवाळीनंतर, भाताचा हंगाम ऐन भरात असताना, गिरणीतून निरोप आला. मोठा हलर ठोके देत होता, नव्या मिस्त्रीला कारण सापडत नव्हतं. मामंजींनी यावं.

मामंजींनी सदरा बदलला, टोपी घातली आणि मला म्हणाले, “चल.”

“मी? गिरणीत?”

“मग आवाज कोण ऐकणार?”

मी सासूबाईंकडे बघितलं. त्यांनी लेकीला माझ्याकडून घेतलं आणि म्हणाल्या, “जा. पदर खोचून घे, तिथे पट्टे असतात.”

गिरणीत तूस पाखडणाऱ्या बायका होत्या, पण यंत्रांपाशी बाई कधी गेली नव्हती. मालक, मिस्त्री, हमाल, सगळे बघायला लागले. मालकांनी मामंजींना काहीतरी विचारलं, माझ्याकडे बोट करून. मामंजी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “मला ऐकू येत नाही. बरीच वर्षं झाली. ही माझी सून. ही ऐकेल आणि मला सांगेल.”

कोणी हसलं नाही. एका म्हाताऱ्या हमालानं डोक्यावरचं पोतं खाली ठेवलं आणि मला वाट करून दिली. मिस्त्रीनं हातभर लांबीची बांबूची काठी आणून दिली. मी ती एकेका जागी टेकवून कान लावत गेले, आणि मामंजी माझ्यासमोर उभे राहून माझे ओठ वाचत होते. तिथल्या गडगडाटात मला माझाच आवाज ऐकू येत नव्हता, पण त्यांना प्रत्येक शब्द कळत होता. पाऊण तासात सापडलं. मोठी पुली दांड्याशी पक्की धरणारी पाचर ढिली झाली होती. मिस्त्रीनं नवी ठोकली.

परत निघालो तेव्हा उन्हं उतरली होती. वडाळे तळ्याच्या काठानं आम्ही चालत होतो, ते पुढे, मी दोन पावलं मागे, रीतीप्रमाणे. थोडं चालल्यावर ते थांबले आणि मी बरोबरीला येईपर्यंत उभे राहिले.

“सूनबाई,” ते म्हणाले, “गिरणी कशी वाजत होती गं? सगळी सांग.”

मी त्यांच्याकडे तोंड केलं आणि सांगायला लागले. पट्ट्यांची सळसळ, चाळण्यांचा खुळखुळाट, पोती आपटल्याचे आवाज, पाखडणाऱ्या बायकांची भांडणं. ते मध्येच थांबवून विचारायचे, “आणि लहान हलर? तो अजून शिट्टी घालतो का?” घालत होता. मी ओठांचा चंबू करून, रस्त्यात, माणसं येत-जात असताना, ती शिट्टी त्यांना करून दाखवली.