पोटहिस्सा पाच

मंचरला पुष्पाताईंचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान माझ्या खतांच्या दुकानाला लागून आहे. त्यांच्या घरी अजून मेंढरं आहेत. ताई मात्र या धंद्यात पडल्या, तेही कुठला क्लास न लावता. त्यांच्या कॉम्प्युटरवर विंडोज नाही, लिनक्स चालतं. का, असं विचारलं तर म्हणतात, "चुकलं तर काय चुकलं ते सांगतं तरी." स्वभाव तिरसट. 'होऊन जाईल' असं गिऱ्हाइकाला म्हणताना मी त्यांना कधी ऐकलं नाही.

गेल्या पौषात अवसरी बुद्रुकचे गेणभाऊ पिशवीत जुनी हार्डडिस्क घेऊन आले. वय ऐंशीच्या घरात. पूर्वी जमीन मोजणीला साखळी धरायचे. वीस वर्षांपूर्वी पुतण्याने कॉम्प्युटर आणला, तेव्हा गंमत म्हणून सारजाबाईंचा, म्हणजे भाऊंच्या बायकोचा आवाज त्यात भरला होता. बाईंना जाऊन नऊ वर्षं झाली. आधीच्या एका दुकानदाराने सांगितलं होतं, डिस्क फॉरमॅट करा, म्हणजे सगळं पुसून टाका.

"फोटू हायेत घरी तिचे, ताई. आवाज इसरत चाललोय मी," भाऊ म्हणाले.

ताईंनी डिस्क जोडली. "जुनी डॉसच्या पद्धतीची पार्टिशनं आहेत."

"म्हंजी?"

"वाटण्या."

"मंग तसं बोला की!"

पहिली वाटणी लगेच उघडली, पण तिच्यात नुसतं विंडोज होतं. दुसरी उघडेना. फाइल सिस्टीम ओळखता येत नाही, एवढंच उत्तर दर वेळी. तासभर खटपट करून ताई म्हणाल्या, "भाऊ, दोन नंबर गेलाय बहुतेक."

भाऊ चष्मा सावरून पडद्याजवळ गेले. "एक, दोन, पाच. तीन-चार कुठं हायेत?"

"पाच म्हणजे दोनच परत दिसतोय. साइज बघा, तीच."

भाऊंनी आकड्यांवर बोट फिरवलं. "न्हाई. पाच दोनच्या हद्दीच्या आत सुरू व्हतोय, संपतोय तिथंच. आवो, दोन नुसता गट हाय, पाच त्याचा पोटहिस्सा. गट फोडल्यावर उतारा पोटहिश्शाचा निघतो. तुमी गटाचा मागत बसलाय!"

ताईंनी आकडे पुन्हा ताडून पाहिले. त्यांची चूक कुणीतरी काढली याचं मला, खरं सांगतो, बरं वाटलं. मग त्यांनी पाच नंबर माउंट केला, म्हणजे जोडून घेतला, फक्त वाचण्यापुरता. उघडला. सारजाबाईंच्या नावाची एकच फाइल होती.

आधी खरखर, मग बायकी आवाज, जरा दटावणीचा: "आवं, तुमी बोला की कायतरी." पुढे रेकॉर्डिंगमध्ये बराच वेळ कुणीच बोललं नाही. फाइल संपली.

"मी तवा लाजलो व्हतो," भाऊ म्हणाले.

ताईंनी फाइल न विचारता पेनड्राइव्हवर घेतली आणि पुन्हा लावली. "आवं, तुमी बोला की कायतरी."

या वेळी त्या शांततेत भाऊ बोलले. "बोलतो, सारजा. उशीर झाला जरा."